नागपूरला जाण्याआधी : स्वमग्न मुलांविषयी

(साकोली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शिक्षक होते. म्हणून विषय निवडताना मुलांपलीकडे जावंसं मला वाटलं नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि मुलांचा विकास हे माझं रोजचं काम आहे. भंडारा-गोंदियाकडची जी कुटुंबं नागपुरात माझ्यासमोर येऊन बसतात, त्यांतली बरीचशी मूल चार-पाच वर्षांचं झाल्यावर येतात. आईला मात्र दीड वर्षाच्या सुमारासच शंका आलेली असते. मधल्या काळात काय झालं, असं विचारलं की उत्तरं जवळपास ठरलेली असतात. आजी म्हणाली, याचा बापही उशिराच बोलला होता. शेजारी म्हणाले, मुलगे उशिरा बोलतातच. कुणी भगताकडे नेऊन दोरा बांधून आणला. कुणी सांगितलं, शाळेत जाऊ द्या, चार पोरांत राहून सुधारेल.

मला आज बोलायचं आहे ते या हरवलेल्या तीन वर्षांबद्दल. ती वाचवण्याइतकं ज्ञान आज शास्त्राकडे आहे, आणि ते वापरायला लागणारी बहुतेक माणसं इथे, साकोलीतच आहेत.

आधी स्वमग्न मूल ओळखायचं कसं ते सांगतो. दीड वर्षाचं मूल अंगणात बसलं आहे आणि झाडावर माकड आलं. मूल माकडाकडे बोट दाखवतं, मग वळून आईच्या तोंडाकडे बघतं, पुन्हा माकडाकडे बघतं. त्याला माकड हवं नसतं. ‘मी पाहिलं, तूही पाहा’ एवढंच त्याला सांगायचं असतं. अजून शब्द फुटलेले नसतात, पण संवादाचा पाया त्या बोटात पडलेला असतो. ज्या मुलात स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे, ते मूल पुष्कळदा असं बोट दाखवत नाही. बिस्किटाचा डबा हवा असेल तर आईचा हात धरून तो डब्यावर नेऊन ठेवतं. हाक मारली तर वळत नाही, पण स्वयंपाकघरात पुडा फाटल्याचा आवाज झाला की धावत येतं. खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी तिचं चाक डोळ्यांजवळ धरून फिरवत राहतं. काही मुलं दोन-चार शब्द बोलू लागतात आणि मग ते शब्द गळून जातात.

एखादं लक्षण दिसलं म्हणजे स्वमग्नता असं नाही. पण वर्षभराचं मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दीड वर्षापर्यंत बोट दाखवत नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नये. आणि आलेली भाषा कोणत्याही वयात जाऊ लागली तर एक दिवसही थांबू नये. पहिली तपासणी कानांची. ऐकूच येत नसेल तर मूल हाकेला वळणार कसं? ही साधी तपासणी न करता शिक्के मारलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ते फार अन्यायाचं आहे. जगभर वापरली जाणारी एक वीस प्रश्नांची यादी आहे. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलाच्या पालकांनी तिची उत्तरं हो किंवा नाही अशी द्यायची असतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी की अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात प्रत्येक मुलाची या दृष्टीने तपासणी व्हावी. त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

२०१३ साली अमी क्लिन आणि वॉरेन जोन्स यांचा एक अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाचा चेहरा दाखवल्यावर तान्ह्या बाळांची नजर कुठे टिकते, हे त्यांनी महिनोनमहिने मोजलं होतं. ज्या मुलांना पुढे स्वमग्नतेचं निदान झालं, त्यांची समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहण्याची वेळ दुसऱ्या ते सहाव्या महिन्यातच घटू लागली होती. म्हणजे आई ‘जरा वेगळं वाटतं’ म्हणते तेव्हा ती उशीरच करत असते, घाई करत नसते.

आणि आईचाच विषय निघाला आहे, तर मला इथे थांबायला हवं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी बाल्टिमोरमध्ये पाहिलेल्या अकरा मुलांची वर्णनं १९४३ साली प्रसिद्ध केली आणि ही अवस्था वैद्यकाच्या पुस्तकात आली. मॉस्कोच्या डॉ. सुखारेवा यांनी तशीच मुलं त्याआधी, १९२० च्या दशकातच वर्णन केली होती, पण त्यांच्याकडे जगाचं लक्ष गेलं नाही. पुढची कित्येक वर्षं मोठमोठी माणसं सांगत राहिली की आई थंड असते, माया लावत नाही, म्हणून मूल असं होतं. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. किती आया त्या आरोपाखाली जगल्या आणि मेल्या याची मोजदाद नाही. हा आरोप खोटा होता. आपल्याकडे तो आजही वेगळ्या तोंडाने होतो: गरोदरपणात ग्रहणात बाहेर गेली, नोकरी करते, मुलाकडे बघत नाही. ज्या घरात असं बोललं जातं, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की हे बंद करा. याला कसलाही आधार नाही.

मग कारण काय? मोठा भाग आनुवंशिक आहे. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुलांना स्वमग्नता होती, वेगवेगळ्या जुळ्यांच्या दहांपैकी एकाही जोडीत नव्हती. अभ्यास लहान होता, पण आईवरच्या आरोपाचा पायाच त्याने काढून घेतला. २०१९ मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वीस लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कुणाला स्वमग्नता असते आणि कुणाला नसते, या फरकामागे सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे, असं त्यातून दिसलं.

आपल्या भागात सिकलसेल घराघरांत माहीत आहे, म्हणून त्याच्याशी ताडून सांगतो. सिकलसेलमध्ये एका जनुकातला एकच बदल असतो. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर चाचणी होते आणि आई-वडिलांकडून तो बदल कसा आला हे कागदावर मांडून दाखवता येतं. स्वमग्नतेचं तसं नाही. २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात तिच्याशी पक्का संबंध असलेली १०२ जनुकं सापडली, आणि त्याशिवाय अगदी बारीक परिणामाचे असंख्य बदल आपल्या सर्वांमध्ये विखुरलेले असतात. काही मुलांत एखादा जोरकस बदल नव्यानेच घडलेला असतो, तो आई-वडिलांपैकी कुणातही नसतो. यांतली पुष्कळ जनुकं बाळ पोटात असतानाच मेंदूत काम करतात. पेशी कधी वाढाव्यात, एकमेकींशी कशा जोडल्या जाव्यात, कोणते जोड टिकावेत हे ती ठरवतात. म्हणून स्वमग्नतेची रक्ततपासणी नाही आणि एकच एक औषध नाही. २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त मुलांच्या माहितीवरून संशोधकांनी तिचे चार ढोबळ गट मांडले, प्रत्येकाची जनुकीय घडण काहीशी वेगळी. यापुढे आपण एका स्वमग्नतेबद्दल बोलण्याऐवजी अनेकींबद्दल बोलू, असं मला वाटतं.

जनुकांखेरीज काही गोष्टींनी शक्यता वाढते. बाळ फार अपुऱ्या दिवसांचं जन्मणं, आई-वडिलांचं वय जास्त असणं, गरोदरपणात फिटसाठी व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असणं. हे ऐकून कुणी फिटची गोळी मनाने बंद करू नये. मूल होऊ देण्याचा विचार असेल तेव्हाच डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं.

लसीचं काय, हा प्रश्न मला दर सभेत येतो. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी बारा मुलांवरून गोवराच्या लसीकडे बोट दाखवलं. त्यात लबाडी निघाली, २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला आणि त्यांचा डॉक्टरकीचा परवाना गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत स्वमग्नतेच्या बाबतीत फरक नव्हता. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत देतात, आणि नेमकी याच वयात लक्षणं ठळक होतात, म्हणून घरच्यांना दोन्हींचा संबंध वाटतो. उलट, गरोदर बाईला रुबेला झाला तर बाळात स्वमग्नतेची शक्यता वाढते हे १९७१ पासून माहीत आहे. ही लस त्यापासून वाचवते.

गरोदरपणात घेतलेल्या तापाच्या पॅरासिटामॉल गोळीवरून २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकी सरकारने गदारोळ उठवला. स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदींवर झालेला अभ्यास त्याआधीच, २०२४ मध्ये, प्रसिद्ध झालेला होता. एकाच आईची दोन मुलं, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, अशी तुलना केल्यावर संबंध उरला नाही. आणि मोबाईल? मोबाईलने स्वमग्नता होते हे सिद्ध झालेलं नाही. पण दोन वर्षांचं मूल दिवसातले चार तास पडद्यासमोर असेल, तर त्या चार तासांत त्याच्याशी कुणीच बोललेलं नसतं. तेवढ्यासाठी तो बाजूला ठेवायलाच हवा.

आकड्यांवर मी जास्त वेळ घेणार नाही. २०२१ सालासाठीचा जागतिक अंदाज दर १२७ माणसांत एक असा आहे, म्हणजे हजारात सात-आठ. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांत २००० साली १५० मागे एक नोंद होती, ती २०२२ मध्ये ३१ मागे एक झाली. निकष रुंदावले, पूर्वी फक्त ‘मतिमंद’ म्हणून नोंदली जाणारी मुलं आता नीट ओळखली जातात, मुलींकडे लक्ष जाऊ लागलं. वाढीचा मोठा भाग यातूनच आलेला आहे. आपल्या देशात पाच ठिकाणी सुमारे चार हजार मुलांचा अभ्यास झाला, त्यात उत्तर गोवाही होता. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दोन ते सहा वर्षांच्या ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या १३.६ टक्के मुलांत मेंदूच्या विकासाशी निगडित काही ना काही अडचण होती. त्यात श्रवणदोष, फिट, अध्ययन-अक्षमता आणि स्वमग्नता हे सगळं आलं. तुमच्या शाळेच्या पटावर अशी मुलं आहेत, कुणी ओळखलेली असोत वा नसोत.

आता मला ज्याचं सगळ्यात जास्त अप्रूप आहे ते सांगतो. कॅनरच्या अकरा मुलांतला पहिला होता डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला संस्थेत ठेवलं होतं. वर्षभराने आई-वडिलांनी डॉक्टरांचं न ऐकता त्याला घरी आणलं. पुढे काही वर्षं तो गावाबाहेर एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. ते जोडपं काही शिकलेलं तज्ज्ञ नव्हतं. डोनाल्डला मापं घेण्याचा नाद होता, त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली ते मोजून सांगायला लावलं. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसायचा, तर नांगरता नांगरता मोज म्हणाले. मेलेले पक्षी-किडे गोळा करायचा, तर त्यांच्यासाठी जागा नेमून दिली आणि खुणेच्या पाट्या लावायला शिकवलं. कॅनर त्याला भेटायला गेले तेव्हा त्यांच्यासमोर त्याने सहा लांब ओळी नांगरून दाखवल्या. घोडा आणि नांगर तो किती सफाईने हाताळतो, हे त्यांनी पुढे लिहून ठेवलं. डोनाल्ड पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवू लागला, गोल्फ खेळू लागला, एकटा परदेशी फिरून आला. २०२३ मध्ये वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी तो गेला. त्याच्या घरी पैसा होता हे खरं. पण त्याला सांभाळलं ते त्याचं तऱ्हेवाईकपण मान्य केलेल्या गावाने.

धानाच्या बांधीत काम करणाऱ्या माणसांना मी हे मुद्दाम सांगतोय. मुलाचा नाद मोडायचा नसतो, त्याला काम जोडायचं असतं. रोवणीच्या ओळी, पेंढ्यांची मोजणी, गुरांच्या वेळा या सगळ्यांत क्रम आहे, आणि क्रम हा या मुलांचा जीव की प्राण.

प्रत्येक स्वमग्न मूल डोनाल्डसारखं वाढेल असं आश्वासन मी देत नाही. सुमारे एक तृतीयांश मुलांना बौद्धिक अक्षमताही असते. पाव ते तिसरा हिस्सा मुलांना फार थोडी बोली भाषा येते. कुणाला फिट येतात, कुणाला झोप लागत नाही, कुणाचं पोट सतत बिघडतं. या सोबतच्या त्रासांवर औषधं आहेत आणि ती द्यावीत. पण मुळात लवकर काम सुरू केलं तर पुष्कळ मुलं पुष्कळ शिकतात, आणि ते काम घरात होतं.

याचा जवळचा पुरावा गोव्यात आहे. तिथल्या ‘संगथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून पासष्ट मुलांवर चाचणी केली. २०१६ मध्ये ती ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आली. मुलं दोन ते नऊ वर्षांची होती. पद्धत अशी की आई मुलाबरोबर थोडा वेळ खेळते, त्याचं चित्रण होतं, मग कार्यकर्ती आणि आई ते एकत्र बघतात. मूल कुठे बघत होतं, त्याने कुठे किंचित खूण केली, आईने ती कुठे टिपली, कुठे निसटली, यावर बोलतात. सहा महिन्यांत अशा बारा बैठका, आणि रोज घरी अर्धा तास सराव. कार्यकर्त्या डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हत्या, काही महिने प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. निकाल असा आला की आया मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागल्या आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. एका मापात, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याच्या वेळेत, घटही दिसली. ती लपवायचं कारण नाही. पण प्रशिक्षण मिळालेली साधी माणसं हे काम करू शकतात, हे तिथे दिसलं. असं प्रशिक्षण साकोलीच्या आशाताईंना का मिळू नये?

हे काम कुठल्या भाषेत करायचं, हेही सांगतो. ‘घरची बोली बंद करा, शुद्ध मराठी बोला, नाहीतर इंग्रजीच बोला, मूल गोंधळेल’ असा सल्ला काही ठिकाणी सर्रास मिळतो. याला आधार नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची भाषा एका भाषेतल्या मुलांपेक्षा मागे पडत नाही, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ज्या साकोलीत राहून झाडीबोलीचा अभ्यास केला, तिथे मला हे सांगताना बळ येतं. आजीला झाडीबोलीत गोष्ट सांगता येते, पोवारी घरात पोवारीत लाड करता येतात. ती बोली काढून घेतली तर मुलाशी बोलणारं माणूसच गप्प होतं. ज्या मुलांना शब्द येत नाहीत, त्यांच्यासाठी चित्रं वापरा. पाणी, भात, शौचालय, ‘नको’ अशी चार चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली तरी सुरुवात होते. मुंबईच्या आयआयटीत ‘उम्मीद’ या बालविकास केंद्राच्या सहकार्याने ‘जेलो’ नावाचं ॲप तयार झालं आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते मराठीतही बोलतं. चित्रं वापरल्याने मूल बोलायचं थांबतं ही भीती खोटी आहे.

या मुलांचं रडणं, कान झाकणं, जमिनीवर लोळणं याबद्दल थोडं. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते. दंडार, ढोल, कर्णे, गर्दी, भज्यांचा वास. ज्या मुलाच्या मेंदूला आवाज, उजेड, स्पर्श गाळून घेता येत नाही, त्याच्यासाठी ते सगळं एकदम अंगावर कोसळतं. ते हट्टी नसतं, त्याला ते सोसवत नसतं. त्याला मारू नका, आणि सगळे बघत आहेत म्हणून आईने लाजू नये. गर्दी होण्याआधी नेऊन आणा, कानावर जाड फडकं बांधा, कुठे जायचं आहे ते आधी चित्राने सांगा.

आणखी एक इशारा. स्टेमसेलच्या नावाखाली लाखो रुपये घेणारे लोक नागपूर-मुंबईत जाहिराती करतात. शेत गहाण टाकून आलेली कुटुंबं मला माहीत आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी स्टेमसेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं सांगितलं आहे. स्वमग्नतेवरचा उपचार म्हणून दिलेल्या, शरीरातून धातू काढण्याच्या औषधाने २००५ मध्ये अमेरिकेत एका मुलाचा जीव गेला. रिस्पेरिडोनसारखी औषधं फार चिडचिड किंवा स्वतःला इजा करणं यासाठी डॉक्टर देतात. ती मूळ स्वमग्नता घालवत नाहीत, तसा दावा कुणी करत असेल तर उठून यावं.

शेवटी हक्काचं बोलू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासायचं असतं. शोधायच्या दोषांच्या यादीत स्वमग्नता आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने स्वमग्नता हे स्वतंत्र दिव्यांगत्व मानलं, १९९५ च्या कायद्यात ते नव्हतं. प्रमाणपत्रासाठी चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही येतो. कुणा मुख्याध्यापकांनी ‘हे मूल आमच्याकडे बसणार नाही’ म्हणून प्रवेश नाकारला, तर ते कायद्याविरुद्ध आहे. शिक्षकांना याचं प्रशिक्षण मिळायला हवं ही त्यांची मागणी रास्त आहे, पण तोवर मुलाला दाराबाहेर ठेवता येणार नाही.

या सभागृहात ज्यांच्या घरी दीड-दोन वर्षांचं मूल आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर त्याला नावाने हाक मारून बघावी, आणि ते काही दाखवायला बोट वर करतं का हे चार दिवस पाहावं. करत नसेल तर पाचव्या दिवशी अंगणवाडीत सांगा, कान तपासून घ्या, आणि तारीख मिळण्याची वाट न बघता रोज अर्धा तास त्याच्यासमोर जमिनीवर बसा. ते जे करतंय तेच त्याच्याबरोबर करा. अंगणवाडीच्या ताईंनो, कुणी आई अशी शंका घेऊन आली तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून तिला परत पाठवू नका. तिचं नाव नोंदवा आणि पथकाला दाखवा.